नऊ सालचा वासुदेव

"उठता यायचं न्हाय साहेब, पाय बांधलेला हाय."

हे वाक्य मामांनी खुद्द तहसीलदारांना ऐकवताना मी पाहिलं आहे. तहसीलदार उन्हात उभे, त्यांच्यामागे छत्री धरून पट्टेवाला, आणि मामा आपल्या ओट्यावर पाय लांब करून बसलेले. उजव्या पायाच्या अंगठ्यात रेशमाचा दोरा अडकवलेला, दुसरं टोक हातात. मधल्या ताणलेल्या दोऱ्यावर एकेक गाठ बसत होती. साहेब थांबले. गाठ बसली, मग मामांनी दोन्ही हात जोडले. तेही बसूनच.

सगळी गल्ली ज्यांना मामा म्हणे ते पटवेकरी होते. सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात नीट बसेल असा रेशमात ओवून मागे गोंडा लावून देणं हे पटवेकऱ्याचं काम. तुळजापुरात देवळाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचा तीन हातांचा ओटा होता. मंगळवारी आणि पौर्णिमेला यात्रेकरूंसाठी कवड्यांच्या माळा ओवायच्या, एरवी आसपासच्या गावांतल्या बायकांच्या पुतळ्यांच्या माळा, पोती, करदोडे. अंगठा सुटला की ताण गेला, ताण गेला की गाठ ढिली, असं त्यांचं शास्त्र होतं. ते खरंच होतं. पण काम नसतानाही समोरून कोणी मोठा माणूस येताना दिसला की मामा लगबगीने अंगठ्यात दोरा अडकवत, हेही मी पाहिलं आहे. आपल्या धंद्यातूनच आपल्यापुरता मान काढून घेणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी सत्तावन्न साली तिथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते आणि माझं शिक्षण वसतिगृहाच्या आणि चार भल्या माणसांच्या जिवावर झालं होतं. त्यामुळे पदवी हा शब्द मी तेव्हा जरा जपूनच, पण वारंवार उच्चारत असे. मामांच्या ओट्यावरची माडी भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून गेलो आणि आधी पदवी सांगितली.

"ते असू द्या," मामा म्हणाले. "इंग्रजी आकडे येतेत का?"

मी म्हणालो, बी.ए. म्हणजे आकडे येणारच.

"तसं नसतंय. आमच्या जावयाला इंग्रजी बोलता येतंय, आकडे येत न्हाईत."

निजामाच्या वेळी मामा चार यत्ता उर्दू शिकले होते. उर्दू आकडे ते झरझर लिहीत. पण संस्थान विलीन झालं, पाट्या बदलल्या, कॅलेंडरं बदलली, एस.टी.च्या तिकिटावरही दुसरेच आकडे आले. "आमचे आकडेच रद्द झाले ओ मास्तर," ते म्हणायचे, "निजामाच्या हाली सिक्क्यासंगं." माडीचं भाडं त्यांनी निम्मं केलं, ते मी त्यांना साल वाचून द्यावं म्हणून. कसलं साल, हे मला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं, दार लोटून घेतलं आणि पितळी डबी उघडली. आत कापसाच्या गादीवर आठ सोन्याची नाणी होती. गिन्नीएवढीच, पण गिन्नी नव्हेत. गिन्नीवरचं चित्र वर उठून आलेलं असतं. इथे उलटं होतं. नाण्याचा पृष्ठभाग सपाट आणि चित्र आत खोल गेलेलं, जणू ओल्या मातीत कोणी चेहरा दाबला आहे. चेहरा एका पुरुषाचा, नाक धारदार, डोक्यावर पिसांचा उंच टोप.

"कोन हाय सांगा," मामा म्हणाले.

मी इंग्रजी अक्षरं वाचली. नाणी अमेरिकेची होती, पाच डॉलरची, आणि चेहरा तिथल्या मूळ रहिवाशाचा. हे मी त्यांना बरंच सविस्तर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "वासुदेव हाय."

पहाटे दारोदार गात फिरणाऱ्या वासुदेवाच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप असतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणालो, तसा टोप दिसतो खरा, पण... मामांनी नाणं उलटं केलं. मागे एक मोठा पक्षी पंख मिटून उभा होता.

"ह्यो गरुड हाय का न्हाय?"

"आहे. पण तो त्यांच्या देशाचा..."

"म्होरं टोप, मागं गरुड. आता ह्याला वासुदेव न्हाय तर काय म्हनू?"

त्या दिवसापासून मीही त्या नाण्यांना वासुदेवच म्हणू लागलो.

ही नाणी आमच्या मुलखात कशी आली, कोणाला सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे हजला गेलेल्यांनी आणली, कोणी म्हणे हैदराबादच्या सराफ्यात मिळत. सोनाराला माळ भरायची असली की पुतळी संपली तर गिन्नी, गिन्नी संपली तर जे हाताला येईल ते सोन्याचं नाणं तो घाली. अशा माळा पुन्हा ओवायला मामांकडे येत आणि वीस सारख्या नाण्यांत एखादा वासुदेव निघे. तो ओळखायलाही सोपा. बायकांच्या गळ्यातलं हळदकुंकू वर्षानुवर्षं त्या खोल चित्रात जाऊन बसलेलं असायचं, त्यामुळे बाकी नाणी पिवळी आणि हा एकटा लालभडक चेहऱ्याचा.

मग मामा त्या बाईला विचारत. त्यांचं बोलणं ठरलेलं असे. "वजनाला वजन, वर गोंडा फुकट." एका वासुदेवाला एक गिन्नी. वजनात गुंजभर फरक पडला तर तो ते भरून देत आणि वर रेशमाचा असा गोंडा लावून देत, की बाई माळेपेक्षा गोंडाच मिरवी. कुणी फसलं असं कधी झालं नाही. घरी आणल्यावर ते नाण्याची कडी सोनाराकडून काढून घेत आणि नाणं रिठ्याच्या पाण्यात ठेवून मऊ कुंच्याने अर्ध्या शतकाचं कुंकू काढत बसत. ते स्वतः ओवणारे, पण हे आठ मात्र त्यांनी कधी दोऱ्याला लावले नाहीत. त्यांची बायको मी येण्याआधीच वारली होती. लेकीला लग्नात अठरा पुतळ्या ओवून दिल्या होत्या. "माझं कर्तव्य झालं," ते म्हणायचे. "आता हे माझं येड. ह्यात कुनाचा वाटा न्हाय."

आणि इथेच माझ्या हातून एक चूक झाली.

त्या पहिल्याच संध्याकाळी मी उत्साहाने आठही नाण्यांवरची सालं वाचली आणि त्यांना ओळीने लावलं. एकोणीसशे आठ, मग दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. मामांनी चिठोऱ्यांवर उर्दू आकडे लिहून प्रत्येकाखाली ठेवले. इतकी वर्षं त्यांना एवढंच माहीत होतं, की या आठांच्या खालची अक्षरं एकसारखी नाहीत. आता त्यांना प्रत्येकाचं साल कळलं. ते खूश झाले. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, "मामा, नऊचा नाही."

"काय न्हाय?"

"आठ आहे, दहा आहे. मधला नऊ नाही."

मामांनी ओळीकडे पाहिलं. मग हाताने आठचं नाणं किंचित डावीकडे सरकवलं आणि नवासाठी जागा केली. ती रिकामी जागा त्यानंतर पाच वर्षं तशीच राहिली. तोपर्यंत त्यांच्याजवळ आठ वासुदेव होते. त्या संध्याकाळनंतर त्यांच्याजवळ एक कमी होता.

पुढे काय काय झालं ते सगळं सांगत बसलो तर पुरायचं नाही. मामांना नऊचा हवा आहे ही बातमी पंचक्रोशीत गेली आणि लोक काय वाटेल ते घेऊन येऊ लागले. एकाने बँडवाल्याच्या कोटाचं बटण आणलं, त्यावर गरुड होता म्हणून. एकाने गोळीच्या डब्याचं झाकण आणलं. मामा प्रत्येकाला बसवून घेत, वस्तू माझ्याकडे देत आणि मी ती गंभीरपणे तपासून "नाही" म्हणत असे. माझ्या पदवीचा एवढा नियमित उपयोग शाळेतही होत नव्हता.

एकदा सोलापूरचा एक सराफ आला. आठही नाण्यांना सोन्याच्या भावावर बरेच पैसे देतो म्हणाला. मामांनी अंगठ्यात दोरा अडकवला.

"एक कमी हाय," ते म्हणाले. "कमी माल म्या विकत न्हाय."

सराफाने पुष्कळ समजावलं, की त्याला आठच हवेत. मामा म्हणाले, तुमाला आठ चालतील, माझ्या दुकानाची इज्जत जाईल. सराफ गेल्यावर मी विचारलं, नववा मिळाला तर विकाल का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी वर माडीवर निघून गेलो.

आणि मग नऊचा सापडला. तुळजापूरपासून फार लांब नाही, अणदूरला. एका म्हातारीच्या देव्हाऱ्यात.

मामा तिच्या सुनेची पोत ओवायला गेले होते. देव्हाऱ्यात खंडोबाचे, भवानीचे चांदीचे टाक मांडलेले, आणि त्यांच्या शेजारी गंधफूल वाहिलेला वासुदेव. तो म्हातारीच्या सासूपासूनचा, सासूकडे कुठून आला हे म्हातारीलाही ठाऊक नव्हतं. कडी लावलेली नाही, घासलेला नाही. मामांना साल वाचता येईना आणि म्हातारी देव घराबाहेर नेऊ देईना. तेव्हा मामांनी दोऱ्याला लावायचं मेण काढलं, मऊ केलं आणि देवाला लेप देतो म्हणून नाण्यावर दाबलं. म्हातारीने तेवढा वेळ त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

तो मेणाचा गोळा त्यांनी डबीत घालून, डबी रुमालात बांधून माझ्याकडे आणला. नाण्यात खोल असलेलं चित्र मेणावर वर उठून आलं होतं. वासुदेवाला प्रथमच नाक आलं होतं. पण सगळं उलटं. आकडे उजवीकडून डावीकडे. मी दाढीचा आरसा काढला आणि मेण त्याच्यासमोर धरलं. आरशात दिसलं एकोणीसशे नऊ.

मी सांगितलं. मामा खाली गेले आणि त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना करदोडे फुकट वाटले.

दुसऱ्या खेपेला ते मला बरोबर घेऊन गेले. एस.टी.तून उतरताना बजावलं, मास्तर, तुमी फक्त बसा, मानूस शिकलेला दिसला म्हंजे इस्वास बसतो. म्हातारीने वसरीवर घोंगडं टाकलं, चहा दिला. मामांनी वजनाला वजन वगैरे सगळं सांगितलं, वर दोन गोंडे फुकट केले. म्हातारी म्हणाली, देव कुनी बदलून घेतं व्हय रे पटवेकऱ्या?

इथे मला वाटलं, आपण मदत करावी. मी तिला समजावून सांगितलं, की आजी, हा देव नाही. हे अमेरिकेतलं नाणं आहे, आणि यावरचा माणूस तिथल्या रानात राहणाऱ्या लोकांपैकी आहे. नकाशाही हाताने काढून दाखवला.

म्हातारीने नीट ऐकलं. "लई लांब हाय का ती अमेरिका?"

"फार लांब. समुद्रापलीकडे."

"एवढ्या लांबनं आला आन् माझ्या घरी उतरला," ती म्हणाली. "मग तर पाव्हनाच झाला. पाव्हन्याला घराबाहेर काढतेत व्हय, मास्तर?"

परतताना नळदुर्गाकडून येणाऱ्या एस.टी.ची वाट बघत आम्ही झाडाखाली उभे होतो. मी म्हणालो, मी खरं तेच सांगितलं.

"तुमी बी.ए. झालाव ते चांगलंच झालं," ते म्हणाले. "पर कुनाच्या देव्हाऱ्याम्होरं बी.ए. होऊ नका."

माझ्या शिक्षणात जे राहून गेलं होतं ते त्या बसथांब्यावर पुरं झालं, असं मी मानतो.

त्यानंतर मामा दर सहा महिन्यांनी अणदूरला जात. म्हातारी नाही म्हणे. मामा तिच्या घरचं काही ना काही ओवून देत आणि परत येत. पुढे पुढे तर मागणंही थांबलं. ते नुसते देव्हाऱ्यापुढे बसत, नमस्कार करत, चहा पीत. म्हातारी त्यांना चिडवी, की तुला देव पाहिजे का चहा, एकदा ठरव. तिचा नातू फौजेत भरती झाला तेव्हा त्याच्या दंडातला ताईत मामांनीच काळ्या रेशमात गुंफून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि विशेष म्हणजे वासुदेवही मागितला नाही.

मग बासष्ट सालची ती दिवाळी आली. चीनने आक्रमण केलं. आमच्या शाळेत रेडिओभोवती गर्दी व्हायची. संरक्षण निधीसाठी गावोगाव सोनं गोळा होऊ लागलं. तुळजापुरात शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. नायब तहसीलदार बसले, सोनार तराजू घेऊन बसला, यादी लिहायला मी, आणि मामा. कारण दागिना तोलायचा तर त्यातलं रेशीम, गोंडे, मणी आधी काढावे लागत.

म्हणजे ज्या माळा मामांनी ओवल्या त्याच त्यांना कापायच्या होत्या. प्रत्येक माळ हातात आली की ते गाठ पाहत आणि "ही माझी" किंवा "ही माझी न्हाय, ही तोडा बिनघोर" म्हणत. स्वतःची गाठ मात्र ते कात्रीने कापत नसत. सुईने सोडवत. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मामा म्हणाले, पंधरा वर्सं टिकली साहेब, तिला पंधरा पळं द्या.

दुपारी अणदूरची म्हातारी आली. एकटीच, एस.टी.ने. खणाच्या तुकड्याची गाठ सोडून तिने टेबलावर वासुदेव ठेवला. त्याच्या कपाळाला त्या दिवशीचं गंध होतं.

मी नाव विचारायचं विसरलो. मामांच्या हातातली सुई थांबली. साहेबांनी विचारलं, काय आहे? मग मीच सगळं सांगितलं. आठ नाणी, मधली रिकामी जागा, मेण, पाच वर्षं. साहेब मोठ्या मनाचे होते. हसले आणि म्हणाले, त्यात काय अडचण आहे? पटवेकऱ्यांनी तेवढ्या वजनाची गिन्नी इथे ठेवावी आणि हे घ्यावं. सरकारला सोन्याशी मतलब. सोनारानेही मान हलवली, गिन्नी असेल तर उलट बरंच.

मामांच्या कमरेच्या चंचीत गिन्नी होती. ती गेली पाच वर्षं तिथेच होती. त्यांनी ती काढली, तळहातावर घेतली आणि म्हातारीकडे पाहिलं.

म्हातारीने अडवलं नाही. ती म्हणाली, "घे बाबा. माझा हात आता सुटला त्याच्यावरनं." मग जरा थांबून, "नातू तिकडं हाय. कुठं हाय ठावं न्हाय, कागद न्हाय, काय न्हाय. म्हनून म्हनलं, देवाला त्याच्या मागं धाडावं. ह्यानं त्याला रांगताना बघितलंय. गिन्नीवरचा राजा माझ्या नातवाला वळखत न्हाय."

मामांची मूठ मिटली. ते उठले. सवयीने अंगठ्यात अडकवलेला दोरा तसाच पायाला लोंबत राहिला आणि ते व्हरांडा उतरून चालते झाले. गल्लीच्या वळणावर तर ते धावत होते. मामांना धावताना तुळजापुरात कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांना वाटलं, रुसले.

पाव तासाने ते डबी घेऊन आले. टेबलावरचे कागद बाजूला करून त्यांनी आठ वासुदेव ओळीने मांडले, माझ्याकडे न बघता, अचूक. मधे जागा सोडली. मग म्हातारीला विचारलं, "लावू का, मावशी?" तिने मान हलवली. नऊचा त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि जागेवर ठेवला.

नऊ झाले. मामा प्रत्येकावर बोट ठेवून म्हणत गेले, आठ, नऊ, धा, अकरा. सोळापर्यंत गेले. पुन्हा आठवर आले, पुन्हा सोळापर्यंत गेले. रांगेतल्या माणसांत कुजबुज झाली. आठाच्या डोक्यावर कडी काढल्याचा व्रण, दहाच्याही, आणि त्या दोघांमधला नऊचा तेवढा अखंड, गंधाच्या ठिपक्यासकट. बघावंसं काही असलं तर ते बघण्यासारखं होतं.

"उचला आता," साहेब हळूच म्हणाले. "गिन्नी ठेवा आणि उचला."

मामांनी गिन्नी टेबलावर ठेवलीच. पण उचललं काही नाही. "फौज मोठी हाय, मावशी," ते म्हणाले. "एका वासुदेवानं कुठवर पुरायचं?" आणि नऊच्या नऊ नाणी तळहाताने सोनाराच्या तराजूकडे सरकवली.

साहेबांनी उभं राहून भाषण केलं. देशभक्ती, त्याग, साधा कारागीर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा अवघडून उभे होते, कारण पायाला दोरा असला तरी उभं राहावं लागलं होतं. मला अजून ठरवता येत नाही, की त्यांनी ती नाणी फौजेसाठी दिली, म्हातारीसाठी दिली, की नऊ एकत्र राहावेत म्हणून दिली. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही. तोवर मी थोडा शहाणा झालो होतो.

माघात म्हातारी पेढे घेऊन दुकानात आली. नातवाचं पत्र आलं होतं, हाताला लागलं होतं पण सुखरूप होता. सोनं साहेबांनी घेतलं होतं, पण ती पेढे घेऊन आधी मामांकडे आली. ती गेल्यावर मामा पेढा हातात धरून विचार करत बसले.

"मास्तर, कोन्त्या सालचा कामाला आला असंल ओ?"

मी म्हणालो, नऊचाच असणार, घरचा म्हणून.

"तसं नसतंय," मामा म्हणाले. "नऊचा बसून खाल्लेला हाय. मला तर चौदाचा वाटतोय. त्यो पहिल्यापासनं चलाख."

त्याच सुमारास सोन्याचा नवा कायदा आला. दागिना नसलेलं सोनं सरकारला लिहून द्यायचं, असं कळल्यावर गावात ज्यांच्याकडे चार गिन्न्या होत्या तेही कड्या लावून घ्यायला सोनाराच्या दारात बसले. सोनारांचीच भट्टी थंडावली, मग पटवेकऱ्याला काम कुठलं? मामा दिवसभर कवड्या ओवत. पण त्या कायद्याची भीती नसलेला गल्लीतला माणूस तोच. "माझं समदं आधीच लिहून झालंय," असं ते रुबाबात सांगत.

पुढे माझी बदली झाली. दिवाळीला मी त्यांना कार्ड टाकत असे, साल मुद्दाम उर्दू आकड्यांत. सदुसष्ट साली उत्तर आलं ते त्यांच्या लेकीचं. मामा श्रावणात गेले, फार दुखणं काढलं नाही, असं चार ओळींत लिहिलं होतं. एकदा त्या गल्लीतून गेलो तेव्हा ओट्यावर बांगड्यांचं दुकान लागलेलं होतं आणि दुकानदार मला बघून उठून उभा राहिला.

मला मात्र राहून राहून ती शाळेपुढची दुपार आठवते. पेटीला लाख लावून ती जीपमध्ये ठेवली. जीप उस्मानाबादच्या रस्त्याला लागली, लोक पांगले, म्हातारी एस.टी.कडे गेली. मामा रस्त्यात उभे होते. धूळ खाली बसली तेव्हा त्यांनी विचारलं,

"मास्तर, तिथं पेटी उघडली म्हंजे सालवार लावतील का ओ?"

मुलांना मी वर्गात सांगत असे, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. पण मला माहीत होतं. सोनं मुंबईला जाणार होतं, आणि तिथे ते मुशीत पडून वितळणार होतं, अंगठ्या, पाटल्या, वासुदेव, सगळं एकाच रसात. मामांनी जन्म सोनाराच्या शेजारी काढला होता. त्यांनाही ते माहीत नसेल असं म्हणवत नाही.

"लावतील," मी म्हणालो.

"नऊचा आठ आन् धाच्या मधी?"

"मधोमध."

"मग ठीक हाय," मामा म्हणाले.